आधी दुसरा, मग पहिला

भीमराज ओव्हाळ आता सत्तरीकडं झुकलेत, पण कुणी "काका, गाडीचा गिअर अडतोय" म्हटलं की त्यांचे तीन प्रश्न ठरलेले. इंजिन बंद असताना पडतो का? एकच अडतो की सगळेच? गाडी गार असताना अडतो की तापल्यावर? उत्तरं तयार नसतील तर ते सरळ फोन ठेवायला सांगतात. "बघून घ्या, मग बोला. उगाच गिअरबॉक्सच्या नावानं बोंब मारू नका." चिंचवड स्टेशनच्या अलीकडे त्यांची सोसायटी आहे. तिथल्या निम्म्या लोकांनी हे बोलणं खाल्लंय, आणि गाडी कुरकुरली की तेच लोक पुन्हा त्यांचंच दार वाजवतात. माणूस तोंडानं फटकळ, पण एकतीस वर्षं कंपनीत गिअरबॉक्स जोडण्यात घालवलीत त्यांनी. गरज नसताना गाडी खोललेली त्यांना खपत नाही.

गुरुवारी सकाळी निघोज्याहून जयदीपचा फोन आला. जयदीप म्हणजे अर्जुनराव येळवंड्यांचा मुलगा. अर्जुनराव भीमराजचे कंपनीतले पहिले सुपरवायझर, दोन वर्षांपूर्वी गेले.

"काका, बाबांची पद्मिनी उद्या भंगारात देतोय. अकराला माणूस येईल. आई म्हणाली, तुम्हाला कळवल्याशिवाय द्यायची नाही."

"का देतोयस?"

"पहिला गिअरच पडत नाही. तीन गॅरेजं झाली. एकानं क्लच प्लेट बदलली, दुसऱ्यानं लिव्हरखालचे सगळे सांधे नवे टाकले. तिसरा म्हणतो, पहिल्याचे दात गेलेत आणि याचा माल आता कुठं मिळत नाही. सोमवारी पासिंगची तारीख आहे. गिअर असा करकरला तर आरटीओवाला मला गेटातूनच परत पाठवील."

आता जयदीपला नावं ठेवायचं कारण नाही. पोरगा चाकणच्या कंपनीत मॅनेजर, शिफ्ट संपली तरी फोन संपत नाहीत. तरी दोन वर्षं दर रविवारी त्यानं वडलांची गाडी पुसली, चालू करून ठेवली. चालवायला घेतली आणि गाडी रुसली. माणूस किती दिवस समजूत काढणार?

"उद्या सकाळी येतो," भीमराज म्हणाले. "मी बघायच्या आत गाडी हलली तर याद राख!"

फोन ठेवला आणि ते तसेच बसून राहिले. जाईबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, भाजी निवडता निवडता विचारलं, "कुणाची गाडी?"

"साहेबांची."

जाईबाई निवडलेली भाजी उचलून आत गेल्या. त्या गाडीचं नाव या घरात निघालं की एकजण हळवा होतो आणि दुसरी गप्प बसते, हे सदतीस वर्षांचं आहे.

त्याचं असं झालं. सत्त्याऐंशी साली भीमराज एकोणतीस वर्षांचे, कंपनीत टेम्पररी. सात महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा गेटवर हजर. अर्जुनरावांनी नुकतीच ही पद्मिनी घेतली होती. दुधाळ रंग, पुढं एकच लांबलचक सीट, आणि गिअरची दांडी स्टिअरिंगला. निघोज्यातली पहिली गाडी. एका रविवारी अर्जुनराव म्हणाले, "भीमराज, गिअरबॉक्स जोडतोस, पन गिअर टाकता येतो का तुला?" आणि खरंच येत नव्हता. मग आठ रविवार शिकवणी चालली. ओव्हाळांच्या पोराला आपल्या नव्या गाडीच्या स्टिअरिंगवर बसवलं म्हणून गावात कोण काय बोललं, ते अर्जुनरावांनी कधी सांगितलं नाही आणि भीमराजनीही विचारलं नाही.

काय दिवस होते ते! चाकणच्या रस्त्याला तेव्हा बैलगाड्या जास्त आणि मोटारी कमी. दोन्ही बाजूंनी कांदा आणि भुईमूग. कुठंतरी थांबून अर्जुनराव शेतातून शेंगा उपटून आणायचे, डिकीवर बसून दोघं खायचे. आज त्याच रस्त्यावर नव्या मोटारी लादलेले ट्रेलर एकामागं एक उभे असतात आणि एका चौकात अर्धा तास जातो. भीमराज त्या गर्दीत सापडले की अजूनही शेंगांचा वास शोधतात.

सातव्या रविवारची गोष्ट. कंपनीत कायम व्हायची एकच जागा निघाली होती. अर्जुनरावांनी स्वतःच्या अक्षरात यादी केली होती, एक नंबरला भीमराज, दोन नंबरला हिंदुराव. हिंदुराव बीडकडचा. भीमराजच्याच बाकावर काम करायचा, आणि पिंपरीत एका खोलीत आई, बायको नि तीन लहान भावंडं घेऊन राहायचा. त्याला पुढच्याच आठवड्यात ब्रेक मिळणार होता. गाडी एका बैलगाडीमागं थांबली तेव्हा भीमराजनी धीर करून विचारलंच, "साहेब, हिंदुरावचं घर माझ्यापेक्षा अडचणीत आहे. काय करावं?"

अर्जुनराव म्हणाले, "आधी दुसरा. आधी दुसरा, मंग पयला."

एवढंच. भीमराजना वाटलं, देवमाणूस आहे हा. सोमवारी सकाळी ते ऑफिसात गेले आणि म्हणाले, दोन नंबरचं नाव आधी घ्या, माझं नंतर बघू. हिंदुराव कायम झाला. भीमराजना कायम व्हायला त्यानंतर अडीच वर्षं लागली. जाईबाईंना तेव्हा सहावा महिना होता. त्या आठ दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत, आणि बोलल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "साहेबांना सांगायला काय जातं? त्यांची नोकरी पक्की आहे." मग पोरगा झाला, त्या नागसेनला पोटाशी बांधून त्यांनी दोन वर्षं लोकांचे ब्लाउज शिवले.

पण भीमराजनी ते वाक्य सोडलं नाही. कॅन्टीनच्या रांगेत, चार्जहँडच्या बढतीला, सोसायटीत टँकर आला तेव्हासुद्धा, आधी दुसरा. अर्जुनरावांच्या शोकसभेत त्यांनी उभं राहून हा सगळा किस्सा सांगितला, आणि साहेब स्वतःही कॅन्टीनच्या रांगेत मागं उभे राहायचे, हेही सांगितलं. हिंदुराव हुंदके देऊन रडला. जयदीपनं ते शब्द वडलांच्या फोटोखाली सोनेरी अक्षरात लिहून घेतले, आणि तो फोटो आज निघोज्याच्या बंगल्यात दर्शनी भिंतीवर आहे.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला भीमराज तिथं पोचले. फोटोला हात जोडले, चहा नको म्हणाले, आणि थेट गाडीत जाऊन बसले. सीटवर तोच गुळगुळीतपणा, तोच पेट्रोलचा नि जुन्या रेक्झिनचा वास. त्यांचे डोळे भरून आले. मग ते स्वतःवरच खेकसले, "रडायला आलायस का बघायला?"

आधी इंजिन बंद ठेवून त्यांनी सगळे गिअर टाकून बघितले. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, सगळे लोण्यात सुरी जावी तसे गेले. "सांध्यांना काही नव्हतं रे," ते जयदीपला म्हणाले, "उगाच बदलले." मग इंजिन चालू केलं, क्लच दाबला, पहिला टाकला. कर्रर्र! गोठ्यातली म्हैससुद्धा मान वर करून बघायला लागली. दुसरा टाकला, गुमान गेला. तिसराही गेला. पुन्हा पहिला. पुन्हा कर्रर्र.

"बघा," जयदीप म्हणाला.

"थांब जरा. घाई तुझ्या कंपनीत कर." भीमराजनी क्लच पूर्ण दाबला आणि मोठ्यानं एक ते पाच मोजले. मग पहिला टाकला. आवाज नाही. गाडी अंगणात पुढं घेतली, मागं घेतली. ओढ सरळ, धक्का नाही, घरघर नाही.

"क्लच ठीक आहे. दात गेले असते तर चालताना बोंबलले असते, दातही ठीक आहेत. या गाडीत मोडलेलं काही नाही जयदीप."

"मग पडत का नाही?"

"पाच मोजले की पडतो."

"काका, चाकणच्या चौकात मला कोण पाच मोजू देतंय? मागचे हॉर्न मारून वेडं करतील. आणि बाबा कुठं मोजायचे?"

हे मात्र खरं होतं. अर्जुनराव मोजत नव्हते. सिग्नल सुटला की सगळ्यात आधी त्यांची गाडी निघायची, आणि तीही बिनआवाज. भीमराज दांडीवर हात ठेवून बसले. सव्वादहा झाले, साडेदहा झाले. एकतीस वर्षं गिअरबॉक्स जोडले, पण ते कंपनीचे, नव्या घडणीचे. ही गाडी त्यांनी आठ रविवारांपुरती चालवली होती. आठव्या रविवारी साहेबांनी न बोलता हात धरून फिरवला आणि तो बसला, एवढं आठवत होतं. काय करत होता तो हात, ते काही केल्या आठवेना. साहेबांची शेवटची खूण अर्ध्या तासात भंगाराच्या टेम्पोत चढणार आणि आपण नुसते बघत बसणार! लाज वाटली त्यांना, खरोखर लाज वाटली.

तेवढ्यात डावीकडचं दार उघडलं. अर्जुनरावांच्या पत्नी प्रभावतीवहिनी पदर सावरत आत आल्या आणि पुढच्या सीटवर आपल्या नेहमीच्या जागी बसल्या.

"चालू द्या तुमचं भावजी. आमी आपलं शेवटचं बसून घेतो."

भीमराजनी मान हलवली आणि पुन्हा प्रयत्न केला. कर्रर्र.

वहिनी त्यांच्या डाव्या हाताकडं बघत होत्या. "आवो, पन तुमी त्ये करतच न्हाई."

"काय करत नाही?"

"ह्ये करायचे त्ये." वहिनींनी हवेतच हात धरला, एकदा खाली ओढला आणि मग वर नेला. "गाडी थांबली की दर टायमाला. आधी खाली, मंग वर. पस्तीस वर्सं ह्या सीटवर बसून बघितलंय मी. जयदीप ल्हान व्हता तवा त्याला वाटायचं, बाबा गाडीला रामराम करत्यात."

खाली म्हणजे दुसरा. वर म्हणजे पहिला. भीमराजनी क्लच दाबला, दांडी जरा खाली नेऊन दुसऱ्याला टेकवली, आणि तिथून वर पहिल्यात. कसला आवाज नाही. पुन्हा केलं. पुन्हा नाही. दहा वेळा केलं आणि दहाही वेळा गिअर शहाण्या बाळासारखा जाऊन बसला.

"आयला!" भीमराज ओरडले. "जयदीप, इकडं ये! अरे, आमच्या कंपनीच्या बॉक्समध्ये दर गिअरला एक पितळी रिंग असते, फिरणाऱ्या चाकाला ती आधी शांत करते, मग दात बसतात. या जुन्या गाडीत दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्याला रिंग आहे, पहिल्याला नाहीच! मुळातच नाही! म्हणून आधी दुसऱ्याला टेकवायचं, त्याच्या रिंगेनं चाक थांबतं, मग पहिला. काही बिघडलंच नव्हतं रे. तू नव्या गाडीसारखी चालवत होतास. आणि मी शहाणा, नव्या गाडीसारखी तपासत होतो. आधी दुसरा, मग…"

पुढचा शब्द त्यांच्या तोंडातच राहिला.

त्यांनी हळूच मान वळवून बंगल्याच्या दाराकडं बघितलं. उघड्या दारातून भिंतीवरचा फोटो दिसत होता आणि त्याखालची सोनेरी अक्षरं. ती बैलगाडी आठवली. थांबलेली मोटार आठवली. आणि आता, सदतीस वर्षांनी, तो कर्रर्र आवाजही आठवला. आपण हिंदुरावचं विचारत होतो तेव्हा आपला डावा हात दांडीवर होता, आणि साहेब आपल्याकडं नाही, त्या हाताकडं बघत होते.

"वहिनी," ते म्हणाले, "साहेब मला गिअर सांगत होते?"

वहिनींनी पदर तोंडाला लावला. हसू होतं की रडू, कुणास ठाऊक. "व्हय भावजी."

"तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

भीमराज गाडीतून उतरले आणि त्यांनी दार धाडकन आपटलं. "अडीच वर्षं वहिनी! दोन वर्षं माझ्या बायकोनं लोकांचे ब्लाउज शिवले! शोकसभेत मी दोनशे माणसांसमोर उभा राहून सांगितलं, तेव्हा तरी कुणी माझा सदरा ओढायचा होता! गिअर! एका गिअरपायी!" जयदीप बावरून दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिला. म्हातारा इतका लाल झाला होता की त्यानं पाणी आणायला धाव घेतली.

वहिनी जागच्या हलल्या नाहीत. भीमराजचं ओरडून झालं तेव्हा शांतपणे म्हणाल्या, "आता माझं ऐका. त्या सोमवारी ह्ये कंपनीतनं आले आन कपाळाला हात लावून वसरीवर बसले. म्हनले, प्रभा, मी त्याला गिअर सांगितला आन त्यानं नोकरी दिऊन टाकली. दुसऱ्या दिशी मोठ्या सायबाकडं गेलेवते, पन हिंदुरावला कागद दिऊन झाला व्हता. मंग तुमच्याकडं यायला निघायचे आन चावडीपासनं माघारी यायचे. चार डाव गेले, चार डाव आले. म्हनले, त्याला खरं सांगितलं तर त्यो मला हसंल न्हाई, सोताला हसंल. त्ये मला बघवायचं न्हाई."

भीमराज गाडीच्या बॉनेटला टेकले.

"तुमी म्हनता, कॅन्टीनात साहेब रांगेच्या मागं उभे राह्यचे. कवापास्नं, आठवतंय का? त्याच्या आदी त्ये कुनासाठी थांबत न्हवते भावजी. माझ्यासाठी बी न्हाई, ताट वाढलं की जेवून मोकळे. तुमी नोकरी सोडलीत आन त्ये थांबायला लागले. मरेपत्तर दर सिग्नलला पुटपुटायचे, आधी दुसरा, मंग पयला. मी एकदा म्हनलं, आवो आता हात बसला की, तोंडानं कशाला? तर म्हनले, गिअरसाठी न्हाई म्हनत, भीमराजसाठी म्हनतोय. त्यांनी त्ये तुमच्याकडनं घेतलंय. फोटूखाली त्यांचं म्हनून लिवलंय, पन हाय त्ये तुमचं."

भीमराजनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा काढला. मग ते एकदम हसायला लागले. हसता हसता डोळ्यांतून पाणी, आणि पाणी पुसता पुसता पुन्हा हसू. बघून वहिनीही हसल्या. जयदीपला अर्धंच कळलं होतं, तरी तोही हसला.

अकराला भंगाराचा टेम्पो फाटकात येऊन उभा राहिला. जयदीप स्वतः गेला आणि त्यानं त्या माणसाला चहा पाजून परत पाठवलं. मग दुपारपर्यंत भीमराजनी त्याला अंगणात गोल गोल फिरवलं. खाली, वर. खाली, वर. चुकला की शिवी, जमला की पाठीवर थाप.

सोमवारी पद्मिनी पासिंगला गेली, सोबत भीमराज आणि वहिनीही. तिथल्या साहेबानं गाडी चालवायला लावली, जयदीपचा हात खाली गेला, वर गेला, आणि गाडी बिनआवाज निघाली. पाच वर्षांचा शिक्का मिळाला. येताना स्टिअरिंग भीमराजकडं होतं. "चिंचवडावरनं घ्या भावजी," प्रभावतीवहिनी म्हणाल्या, "जाईबाईंना भेटून कित्ती दिस झाले."

तीन दिवस झाले होते आणि भीमराजनी घरात काही सांगितलं नव्हतं. ब्लाउजांच्या शिलाईनं जाईबाईंची बोटं अजून थंडीत आखडतात. त्या बाईला कुठल्या तोंडानं सांगायचं, की ते सगळं एका गिअरपायी?

पण वहिनींना कुठला धीर! जाईबाई खाली आल्या, मागच्या सीटवर जयदीपशेजारी बसल्या, आणि वहिनींनी पुढून मान वळवून सगळं सांगून टाकलं. भीमराज समोरच्या काचेतून रिक्षा स्टँडकडं बघत राहिले.

जाईबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे नोकरी साहेबांनी द्यायला सांगितलीच नव्हती?"

"नाही," भीमराज पुटपुटले.

"म्हणजे तुम्ही तुमच्या मनानंच दिलीत."

"तसंच झालं म्हणायचं."

"आणि मी सदतीस वर्षं त्या माणसाला मनातल्या मनात बोल लावतेय, की आमच्या भोळ्या नवऱ्याला यानं खड्ड्यात घातलं." त्यांनी पुढं वाकून नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. भररस्त्यात, चारचौघांत, असा हात त्यांनी कधी ठेवला नव्हता. "आधी कळलं असतं तर आठ दिवस कशाला, आठ तासही अबोला धरला नसता हो मी. साहेबांचं ऐकलंत म्हणून राग होता. तुमचं तुम्ही दिलंत, त्याचा कसला राग?"

भीमराजना समोरचं काही दिसेना. मागून रिक्षावाला हॉर्न मारायला लागला. त्यांनी नाक ओढलं, क्लच दाबला आणि घाईघाईनं दांडी थेट वर नेली.

कर्रर्रर्र!

"आधी दुसरा!" पुढून प्रभावतीवहिनी आणि मागून जाईबाई, दोघी एकदमच ओरडल्या.